चाकोरी न दाखवलेली गाडी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा बैल बोलत असत, पण कामापुरतंच. माणसं तेव्हाही गरजेपेक्षा जास्तच बोलत.

त्या काळी डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. वर सपाट माळ, काळी जमीन, ज्वारी उत्तम. त्या गावात सगळं पिकायचं, एक मीठ सोडून. मीठ डोंगराच्या खाली, समुद्राकाठी. आणि गाव नि समुद्र यांच्या मध्ये होता घाट.

घाट म्हणजे नुसता खडक. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी, मधली वाट एका गाडीपुरती. त्या वाटेच्या खडकात दोन रेघा होत्या, वीतभर खोल. कोणी त्या छिन्नीने खोदल्या नव्हत्या. कित्येक पिढ्यांच्या गाड्यांची चाकं त्याच जागेवरून गेली आणि खडक झिजला. त्या रेघांना गाव चाकोरी म्हणत असे.

आज चाकोरी म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्या गावात हा शब्द हात जोडून उच्चारत. कारण दोन्ही चाकं चाकोरीत बसली की गाडी दरीत जायची नाही, कितीही उतार असो, कितीही ओझं असो. चाकोरी तिला धरून ठेवायची.

होळीनंतर आठ दिवस मिठागरांवर बाजार भरायचा. गावाच्या चौदा गाड्या ज्वारी भरून घाट उतरायच्या आणि मीठ भरून घाट चढायच्या. उतरायला एक दिवस, चढायला दोन. चढून आलेल्या बैलांना पुढे महिनाभर विसावा लागायचा, म्हणून एका गाडीची वर्षात एकच फेरी. त्या आठ दिवसांत मीठ आलं तर आलं. नाही आलं तर वर्षभर गाव अळणी.

सगळ्यात पुढची गाडी गेनबाची असायची. त्याच्या बापाची तीच जागा होती, आजाचीही तीच. गेनबा निघाला की गाव निघायचं. गेनबा थांबला की गाव थांबायचं. याचा त्याला अभिमान होता, आणि त्यात गैर काही नव्हतं.

गाड्या करायचा केरू सुतार. हा माणूस कामाला पक्का आणि जिभेला तिखट. त्याच्याकडे एक खैराची काठी होती, पणजोबापासून आलेली. तिच्यावर दोन खाचा. त्या दोन खाचांमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर तो प्रत्येक गाडीच्या दोन चाकांत ठेवायचा. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही.

गाडी तयार झाली की ती लगेच हाती मिळायची नाही. आधी केरू ती स्वतः ओढत घाटाच्या पहिल्या खडकावर न्यायचा. चाकं चाकोरीत बसवायचा आणि दहा पावलं चालवायचा. मग तिथेच खडकावर एक नारळ फोडायचा आणि म्हणायचा, ‘‘हिने चाकोरी पाहिली. आता ने.’’ नारळ गाडी घेणाऱ्याने आणायचा. याला गावात चाकोरी दाखवणं म्हणत.

का दाखवायची, हे केरूने कधी कोणाला सांगितलं नाही. कोणी कधी विचारलंही नाही. रीत होती, चालली होती.

एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला गेनबाच्या जुन्या गाडीचा आस मोडला. दोन्ही चाकं ज्याच्यावर फिरतात तो आस. गाडीही आता म्हातारी झाली होती. गेनबा केरूच्या कामाच्या मांडवात गेला.

‘‘केरू, नवी गाडी हवी.’’

केरू रंधा मारत होता. त्याने मान वर केली नाही. ‘‘माघात देईन.’’

‘‘अरे, तीन महिने?’’

‘‘बाभळीचे ओंडके कापून ठेवलेत. अजून ओले आहेत. ओल्या लाकडाचा आस घाटात वाकतो.’’

‘‘जरा लवकर नाही का होणार?’’

‘‘लाकडाला जाऊन विचार,’’ केरू म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

गेनबा तिथून निघाला, पण मनात ते बोलणं सलत राहिलं. मिठाच्या वाटेवर सगळ्यात पुढे जाणारा माणूस, आणि त्याला हा असं उत्तर देतो.

त्याच आठवड्यात गावात एक पाहुणा आला. दूरच्या मोठ्या शहरातल्या सौदागराचा तो माणूस. माळाच्या बाजूने आला, घाटाच्या नाही. अंगावर स्वच्छ कपडे, बोलणं गोड. त्याने पारावर एक लांबच लांब कापड उलगडलं. त्या कापडावर चित्रं होती. फणी, घागर, नांगर, पाळणा, चप्पल, गाडी. जगात जे जे म्हणून विकत मिळतं ते सगळं त्या कापडावर होतं.

‘‘काही करायचं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हवं त्या चित्रावर बोट ठेवायचं. मी दोरीला गाठ मारतो. पुढच्या पुनवेला वस्तू तुमच्या दारात. जागचं उठायलाही नको. आणि नाही आवडली तर परत घेऊन जाऊ.’’

‘‘परत?’’ कोणी तरी विचारलं.

‘‘एक शब्द न बोलता परत.’’

एका म्हाताऱ्याने राणीच्या पालखीवर बोट ठेवलं. सगळे हसले. पाहुणाही हसला आणि त्याने हळूच ते बोट बाजूच्या चपलांवर आणून ठेवलं. असा तो हुशार.

गेनबा गाडीच्या चित्रापुढे उभा राहिला. तांबडी गाडी, दोन्ही बाजूंना हिरवे पोपट काढलेले.

‘‘ही कोणी केली?’’ त्याने विचारलं.

‘‘शहराने केली,’’ पाहुणा म्हणाला.

‘‘म्हणजे कोणी?’’

‘‘शहरात असं विचारत नाहीत.’’

गेनबाला ते उत्तर जरा विचित्र वाटलं. पण केरूचं उत्तर त्याच्या मनात अजून सलत होतं. त्याने चित्रावर बोट ठेवलं.

पुनवेला गाडी आली. बोलल्याप्रमाणे आली, दारात आली, आणि केरू जेवढी ज्वारी घ्यायचा त्याच्या निम्म्यात आली. पोपट चित्रातल्यापेक्षाही हिरवे होते. अख्खा गाव बघायला लोटला. माळावर ती अशी पळाली की गेनबाला आपणच वीस वर्षांनी लहान झालो असं वाटलं.

गेनबा निघाला की गाव निघायचं. माघ संपेपर्यंत चौदापैकी अकरा गाड्या तांबड्या झाल्या.

तीन जुन्याच राहिल्या. त्यांतली एक ठकूची. ठकू विधवा होती, आपली गाडी आपण हाकायची. तिला बायका म्हणाल्या, ‘‘ठकू, तूही घे की पोपटांची.’’

‘‘मला नको,’’ ठकू म्हणाली. ‘‘दिवसभर वटवट करणारा पोपट आमच्या घरी आहे. तिला जाऊबाई म्हणतात.’’

इकडे कापड दर महिन्याला उलगडत होतं. फण्या शहराच्या आल्या, तेव्हा फण्या करणारा गाव सोडून गेला. घागरी आल्या, कुंभार गेला. नांगराचे फाळ आले, लोहार गेला. त्यांना कोणी हाकललं नाही. फक्त कोणी बोलावलं नाही. तेवढं पुरतं.

केरू राहिला. मांडवात रोज सकाळी येऊन बसायचा आणि लाकूड तासायच्या वाकसाला धार लावायचा. धार लावलेल्या वाकसाला पुन्हा धार लावायचा.

एकदा गेनबा आपली नवी गाडी घेऊन मांडवावरून चालला होता. बरोबर चारसहा जण होते. केरू दारात आला. आधी त्याने गाडीकडे पाहिलं, मग गाडीमागे धुळीत उमटलेल्या दोन रेघांकडे पाहिलं.

‘‘गाडी आणलीस म्हणे.’’

‘‘आणली. तुझ्या माघाची वाट कोण बघणार?’’

‘‘चाकोरी दाखवलीस का तिला?’’

गेनबा बरोबरच्या माणसांकडे बघून हसला. ‘‘नारळ हवा असेल तर सरळ माग, केरू. घरून पाठवून देतो.’’

सगळे हसले. केरूचा चेहरा तसाच राहिला.

‘‘नारळ तुझा तूच खा,’’ तो म्हणाला. ‘‘दात शाबूत राहिले तर.’’

आणि आत गेला.

त्या दिवसापासून गावात कोणी चाकोरी दाखवणं हा शब्द काढला की लोक हसायचे. म्हणायचे, सुताराने नारळासाठी काढलेली ती युक्ती. अकरा तांबड्या गाड्यांपैकी एकही घाटाच्या खडकावर गेली नाही. जायची गरजच काय होती? माळावर त्या झकास पळत होत्या. माळ मऊ असतो. माळावर कुठलंही चाक चालतं.

होळी झाली. बाजाराचा पहिला दिवस उजाडला. चौदा गाड्या ज्वारी भरून घाटाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बायकांनी बैलांना ओवाळलं. गेनबा नव्या गाडीवर चढला, डोक्याचा पटका सारखा केला आणि बैलांना इशारा दिला.

गाडी पहिल्या खडकावर आली. डावं चाक चाकोरीत उतरलं. उजवं उतरलं नाही. ते चाकोरीच्या काठावर चढून राहिलं, दरीच्या अंगाला.

गेनबाला वाटलं, चाकाखाली दगड आला असेल. त्याने गाडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे आणली. या वेळी उजवं चाक चाकोरीत बसलं आणि डावं कड्यावर घासलं.

मागे तेरा गाड्या थांबल्या होत्या. अख्खा गाव बघत होता. गेनबाने कासरा आवळला.

‘‘चल,’’ तो बैलांना म्हणाला.

जुवाच्या उजव्या अंगाला मोऱ्या नावाचा जुना बैल होता. बारा वेळा घाट उतरलेला. तो हलला नाही.

‘‘धनी,’’ मोऱ्या म्हणाला, ‘‘एक चाक वर आहे.’’

‘‘तुला विचारलं नाही. ओढ.’’

‘‘ओढतो. पण खाली मीठ आणायला कोण जाणार, ते आधी ठरवा.’’

मागच्या गाडीवरचा एक जण खुदकन हसला. ते हसू गेनबाच्या पाठीत रुतलं. त्याने चाबूक उगारला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मोऱ्याला मारलं. बैल पुढे झाला.

एक पाऊल, दोन पावलं, पाच. गाडी एका अंगाला कलली. सातव्या पावलाला उजवं चाक काठावरून बाहेर घसरलं आणि डावं चाकोरीत पिळलं गेलं. आठव्या पावलाला डाव्या चाकाचे आरे काडीसारखे मोडले. गेनबाने उडी टाकली. कमरेचा विळा काढून त्याने बैलांच्या मानेचे पट्टे कापले. दुसरा पट्टा तुटला आणि त्याच क्षणी गाडी गेली. ज्वारी, पोपट, सगळं. दरीतून आवाज यायला बराच वेळ लागला.

मोऱ्या कड्याला अंग टेकून उभा होता. त्याच्या पाठीवर चाबकाचा वळ होता. तो काही बोलला नाही. काम झालं होतं.

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि जो तो आपापल्या गाडीकडे बघायला लागला. दहा तांबड्या गाड्या अजून उभ्या होत्या. दहांचीही चाकं तेवढ्याच अंतरावर होती.

सौदागराचा माणूस त्या दिवशी गावातच होता. लोक त्याच्याकडे धावले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मी बोललो तसं वागेन. गाड्या परत घेतो. एक शब्द बोलणार नाही. पुढच्या पुनवेला दुसऱ्या येतील.’’

‘‘बाजार आठ दिवसांत उठतो,’’ गेनबा म्हणाला. ‘‘आणि दुसऱ्या गाड्यांची चाकं तरी चाकोरीत बसतील का?’’

‘‘माप तेच असणार. जगभर तेच चालतं.’’

‘‘जग आमच्या घाटाने उतरत नाही.’’

‘‘त्याला मी काय करू?’’ पाहुणा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात ठकूने आपली जुनी गाडी पुढे घेतली. कोणाला काही न विचारता ती पहिल्या खडकावर आली. दोन्ही चाकं एकदमच खाली बसली. दाराची कडी कोयंड्यात पडावी तसा आवाज झाला.

‘‘ज्या तीन चालतात त्या तीन जातात,’’ ती म्हणाली. ‘‘मिठवाल्यांना सांगते, गाव मागून येतंय. येतंय ना, गेनबा भावजी?’’

गेनबाने दरीकडे पाहिलं.

‘‘मी सांगते येतंय म्हणून,’’ ठकू म्हणाली. ‘‘मला खोटी पाडू नका.’’

तिच्या मागोमाग उरलेल्या दोन जुन्या गाड्या उतरायला लागल्या. तिन्ही अशा चालल्या होत्या की हाकणारे हात सोडून बसले असते तरी चाललं असतं. गेनबा त्या वळणाआड होईपर्यंत बघत राहिला. बापाच्या मागे बसून तो लहानपणी असाच उतरला होता. तेव्हा त्याला वाटायचं, बाप गाडी हाकतो.

तो मागे फिरला आणि थेट केरूच्या मांडवाकडे गेला. मांडव रिकामा होता. हत्यारं नव्हती, काठी नव्हती. चूल थंड होती. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘केरू पहाटेच गेला. पाठीवर पोतं, हातात काठी. बहिणीच्या गावी जातो म्हणाला.’’

‘‘आजच?’’

‘‘गाड्या निघायचा दिवस होता ना. कोणाच्या घरी कोणी नव्हतं. निरोप द्यायचं कोणावर ओझं नको म्हणाला.’’

गेनबा चालायला लागला. माळाची वाट सरळ होती, ऊन डोक्यावर होतं. मोऱ्या मागोमाग आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

दुपार कलल्यावर एका ओढ्याकाठी केरू दिसला. भाकरी सोडून बसला होता. गेनबा त्याच्यासमोर उभा राहिला. वाटेत त्याने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.

‘‘चाक बाहेर राहतं,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘चार बोटं.’’

‘‘साडेतीन,’’ केरू म्हणाला.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘तू मांडवावरून गेलास तेव्हा धुळीतल्या रेघा पाहिल्या. तू गेल्यावर काठी लावली.’’

गेनबाला राग आला. तो खराच आला, कारण राग आला की लाज जरा कमी वाटते. ‘‘मग बोलला का नाहीस? माझी गाडी दरीत गेली. बैल गेले असते. मी गेलो असतो.’’

‘‘विचारलं होतं. चाकोरी दाखवलीस का म्हणून.’’

‘‘आम्हाला वाटलं, तुला नारळ हवा.’’

केरूने भाकरी खाली ठेवली. ‘‘गेनबा, नारळ मी कधी घरी नेला का? तिथेच फोडायचो, तिथेच ठेवायचो. घाटातली माकडं खायची. खडकावर गाडी न्यायला तुम्ही कंटाळा करता, म्हणून नारळ. हातात नारळ असला की माणूस मुकाट चालतो. माझ्या पणजोबाची अक्कल ती.’’

गेनबा ओढ्याकडे बघत राहिला.

‘‘मला वाटलं, पहिल्या खडकावरच तुझ्या ध्यानात येईल आणि तू मागे फिरशील,’’ केरू म्हणाला. मग भाकरी गुंडाळत म्हणाला, ‘‘दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. तेवढं माझ्याकडे लागलं.’’

या माणसाने असं काही म्हटल्याचं गेनबाने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याने डोक्यावरचा पटका काढला आणि केरूच्या पोत्यावर ठेवला.

‘‘माझ्याकडे बाकीचं सगळं लागलं,’’ तो म्हणाला. ‘‘मी बोट ठेवलं म्हणून आणखी दहा जणांनी ठेवलं. तुझ्या पाया पडून उपयोग नाही, ते तुला आवडायचं नाही. एवढंच विचारतो. त्या गाड्या चाकोरीत बसवता येतील का?’’

केरूने पटक्याकडे पाहिलं. मग मोऱ्याकडे पाहिलं. उठला, बैलाच्या पाठीवरच्या वळाला हात लावला आणि गेनबाकडे वळला.

‘‘यालाही मारलंस?’’

गेनबाची मान खाली गेली.

‘‘आस बदलावे लागतील,’’ केरू म्हणाला. ‘‘शहरातलं लाकूड तासून घ्यायच्या लायकीचं नाही. मांडवामागे बाभळीचे ओंडके आहेत. आता वाळलेत. सहा आस निघतील, जास्त नाही.’’

‘‘ते ओंडके कोणाचे?’’

‘‘तुझे. माघातल्या गाडीचे.’’

गेनबाने पोतं उचललं आणि मोऱ्याच्या पाठीवर टाकलं, वळ टाळून. दोघं परत फिरले. गावाच्या जवळ आल्यावर मोऱ्या एवढंच म्हणाला, ‘‘पोतं हलकं आहे.’’ आणि ते खरं नव्हतं.

पुढचे चार दिवस केरूच्या मांडवात गाव जमलं. जे नारळावरून हसले होते त्यांनी करवती ओढल्या. बायकांनी भाकऱ्या आणून दिल्या. केरू कोणाचीही भीड ठेवत नव्हता. ‘‘हात आहे की वल्हं?’’ म्हणायचा. ‘‘सरळ धर. तिरकं पोपटवाल्याकडे चालतं.’’ सगळे ऐकून घ्यायचे. गेनबाला त्याने सगळ्यात जड काम दिलं आणि सगळ्यात जास्त बोलला.

सहा आस झाले. सहा गाड्यांना बसले. पाचव्या दिवशी सकाळी सहाही गाड्या एकेक करून खडकावर नेल्या. दहा पावलं चालवल्या. प्रत्येक जण न सांगता नारळ घेऊन आला होता. केरूने सहा नारळ फोडले. इतके नारळ एका दिवशी माकडांनी कधी पाहिले नव्हते.

मग गाड्या उतरल्या. पुढे गेनबाच होता, पण दुसऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याचं धान्य घेऊन. त्याचं स्वतःचं दरीत होतं. वाटेत अर्ध्यावर ठकूच्या तीन गाड्या मीठ घेऊन वर येताना भेटल्या. रुंद वळणावर थांबून त्यांना वाट दिली.

‘‘मला खोटी नाही पाडलंत,’’ ठकू म्हणाली.

‘‘केरूने नाही पाडलं,’’ गेनबा म्हणाला.

चौदाऐवजी नऊ गाड्या मीठ त्या वर्षी गावात आलं. तेच मोजून वाटलं, सगळ्यांना सारखं. आषाढ उलटला तसं कमी पडायला लागलं. श्रावणात आमटीत चिमूटभर पडायचं, भाद्रपदात चिमटीतलं निम्मं. दिवाळीला करंज्यांना चव नव्हती. पाहुणे आले तर मीठ त्यांच्या पानात वाढून घरचे लोक तसंच जेवायचे. बैलांना मीठ चाटायला मिळालं नाही, आणि त्याबद्दल मोऱ्या कामापुरतं का होईना, पण रोज बोलला. त्या वर्षाचं नावच गावात अळणी वर्ष असं पडलं. म्हातारे लोक वय सांगताना म्हणायचे, अळणी वर्षी मी अमुक इतका होतो.

गेनबाने गावोगाव माणसं पाठवली. लोहार परत आला. फणीवालाही आला. कुंभार आला नाही. दुसऱ्या गावाने त्याला चाक मांडून दिलं होतं आणि ते त्याला जपत होते. गेनबाच्या गावात पुढे कित्येक वर्षं पाणी शहराच्या घागरीत भरत, आणि प्रत्येक उन्हाळ्यात ते कोमट लागायचं. गेलेलं सगळंच परत येत नाही.

पुढची दिवाळी आली. सौदागराचा माणूस कापड घेऊन पुन्हा पारावर आला. गेनबाने त्याला बसायला घोंगडी दिली, ताक दिलं. पाहुणा तो पाहुणाच. त्याने कापड उलगडलं. आता गाड्यांवर मोर होते.

‘‘सुंदर आहेत,’’ गेनबा म्हणाला. ‘‘ज्याने या केल्या, त्याला आमची चाकोरी ठाऊक आहे का?’’

‘‘चाकोरी म्हणजे काय?’’ पाहुण्याने विचारलं.

गेनबाने कापडाचं एक टोक धरलं, पाहुण्याला दुसरं धरायला लावलं, आणि नीट घडी घालून ते त्याच्या हातात दिलं.

‘‘ताक अजून घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘लांब जायचंय तुम्हाला.’’

मग तो उठला आणि केरूच्या मांडवात गेला. केरू रंधा मारत होता.

‘‘केरू, माझी गाडी राहिलीच आहे. कधी देशील?’’

केरूने मान वर केली नाही.

‘‘माघात.’’

गेनबाने काखेतला नारळ काढून मांडवाच्या कोनाड्यात ठेवला.

‘‘बरं,’’ तो म्हणाला.

लहानांनो, थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपला कारागीर आपण जगवावा, कारण आपली वाट फक्त त्यालाच ठाऊक असते.